पासवर्डाचा मान

मान हा शब्द कोणी उच्चारला की माझ्या डोक्यात अजून तिडीक जाते. आमच्या मालवणच्या किनाऱ्यावर मान म्हणजे नुसता आदर नव्हे, हे बाहेरच्या माणसाला आधी सांगावं लागतं. मान म्हणजे हक्क. होळीला पहिला नारळ कोणाचा, पालखीला पहिला खांदा कोणाचा, देवळात गाऱ्हाणं घालताना पुढे कोण उभं राहणार, हे घराण्याप्रमाणे ठरलेलं असतं आणि त्यावरून सख्खे भाऊ कोर्टात जातात. जाऊ देत. त्यांचे नारळ, त्यांची कोर्टं. पण हाच मान एकदा एका कॉम्प्युटरला चिकटला आणि माझ्या आईच्या आवाजाच्या आड येऊन उभा राहिला. तेव्हापासून माझं आणि मानाचं वाकडं आहे.

गोष्ट दोन हजार पाच-सहाच्या सुमाराची. तेव्हा आमच्या गावात मोबाईल लागायला डोंगरावर चढावं लागायचं. मी गावच्या वाचनालयात काम करायचे. ग्रंथपाल म्हणणं म्हणजे जरा जास्तच होईल. कुलूप काढायचं, केर काढायचा, पेपर काठ्यांना लावायचे आणि म्हाताऱ्यांनी कोडी पेनने सोडवू नयेत म्हणून पहारा करायचा. मालवणला जाऊन कॉम्प्युटरचा कोर्स केलेली गावातली मी एकटीच, म्हणून मुंबई मंडळाने वाचनालयाला कॉम्प्युटर दिला तेव्हा तो आपोआप माझ्या गळ्यात पडला. मी खूश होते, खोटं कशाला बोलू.

हे मुंबई मंडळ काय ते सांगते. आमच्याकडच्या प्रत्येक गावाचं एक मंडळ मुंबईत असतं. पोटासाठी मुंबईला गेलेली माणसं तिथे एखाद्या शाळेच्या वर्गात महिन्यातून एकदा जमतात आणि गावात काय व्हायला हवं ते ठरवतात. देवळाला रंग कोणता, जत्रेला दशावतार कोणाचा, विहिरीला कठडा केवढा. गावात राहणाऱ्यांनी फक्त माना डोलवायच्या. पैसे त्यांचे असतात हे खरं, मी नाकारत नाही. पण विहिरीवर पाणी आम्ही भरतो की नाही?

मंडळाचे अध्यक्ष म्हणजे गावच्या मानकरी घराण्यातले थोरले. मुंबईत कुठल्याशा कचेरीतून निवृत्त झालेले, पांढराशुभ्र सफारी, बोटात दोन अंगठ्या. कॉम्प्युटरच्या उद्घाटनाला ते स्वतः आले. देवळाच्या सभामंडपात टेबल मांडलं होतं, कॉम्प्युटरला हार घातला होता, पडद्यावर हळदीकुंकू लावलं होतं. ते नंतर मीच ओल्या फडक्याने पुसलं. कॉम्प्युटर जोडायला घाटावरचा एक माणूस आला होता. बिचाऱ्याला आमच्या गावाची काही कल्पना नाही. त्याने सगळं जोडलं आणि सहज विचारलं, "अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड कोण ठेवणार?"

"अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणजे?" कोणीतरी विचारलं.

"म्हणजे या मशीनचा मुख्य. सगळे अधिकार त्याच्याकडे."

झालं! आमच्या देवळात मुख्य आणि अधिकार हे दोन शब्द एका दमात बोलायचे नसतात. मग जुन्या सवयीने सगळ्यांच्या माना अध्यक्षांकडे वळल्या. अध्यक्ष उठले, सफारी झटकली, देवाकडे बघून हात जोडले आणि म्हणाले, "मंडळी, जरा पाठी फिरा."

आणि अख्खा गाव पाठ करून उभा राहिला! म्हातारे, पोरं, सरपंच, सगळे. मीसुद्धा. मागून एका बोटाने टक टक टक असा आवाज येत राहिला. बराच वेळ येत राहिला. मग "झाला" असं अध्यक्ष म्हणाले, नारळ फुटला, टाळ्या पडल्या. मी त्या घाटावरच्या माणसाला हळूच विचारलं, की काही बिघडलं तर मला हा पासवर्ड लागेल ना? तो म्हणाला, लागेल की. अध्यक्षांना विचारलं तर ते हसले. "अगं, तुझं वेगळं खातं काढलंय ना वाचनालयाच्या नावाने? त्यावर काम कर. हा मान घराण्याचा. तो कोणाला देत नाहीत. मी गणपतीला येतो, शिमग्याला येतो. काय असेल ते तेव्हा." तेव्हा मला हसूच आलं होतं. घरी येऊन आईला सांगितलं तर आई म्हणाली, "नारळ फुटलो मा? मगे झाला."

आता आईबद्दल. आम्ही समुद्राकडच्या वाडीतले. बाबा होडीवर, आई बाजारात मासे घेऊन बसायची. तिचा आवाज ही आमच्या वाडीतली प्रसिद्ध चीज होती. ती बाजारात बोलायला लागली की एस्टी स्टँडवरच्या माणसाला सुरमईचा भाव कळायचा. गिऱ्हाईकाने बांगड्याचा कल्ला उचलून बघितला आणि तोंड वाकडं केलं की ती त्याच्या सात पिढ्यांची विचारपूस करायची, आणि तोच माणूस दुसऱ्या दिवशी पुन्हा तिच्याकडेच यायचा. आमच्या घरात कोणी कोणाला प्रेमाने हाक मारली असं मला आठवत नाही. आईच्या शिव्या हीच आमची माया. "शिरा पडो तुज्या तोंडार" हे वाक्य तिने म्हटलं नाही तर आम्हाला वाटायचं, हिला ताप आला की काय! शिरा म्हणजे गोडाचा शिरा नव्हे. कुंपणाला टाकतात त्या काटेरी झुडपांच्या फांद्या. ही आमच्याकडची शिवी, पण ती परक्याला घातली तर शिवी आणि घरच्याला घातली तर लाड.

कॉम्प्युटरबरोबर दोन छोटे स्पीकर, कानाला लावायचं एक यंत्र आणि बोलायचा माईक आला होता. तो चालतो का ते मी एका दुपारी बघत होते. आवाज टिपायचं बटण दाबलं, आणि त्याच वेळी आई बाजारातून परत येताना रिकामी पाटी डोक्यावर घेऊन वाचनालयाच्या दारात उभी राहिली. मी सकाळपासून जेवायला घरी गेले नव्हते. मग काय विचारता!

"गो चेडवा! आयकतंस काय? सकाळपासून त्या डब्यात त्वांड घालून बसलंस, डोळे फुटतले तुजे! थंय पेज निवान गेली."

"थांब गो आये, येतंय."

"थांब? मिया थांबान गो, बांगडे थांबतले? शिरा पडो त्या कंपुटराच्या तोंडार! उद्या तेच्याशीच लगीन लाव, मिया नारळ फोडतंय!"

हे सगळं माईकने टिपलं. मी नंतर ते ऐकून पोट धरून हसले आणि तसंच ठेवून दिलं. 'आई' एवढंच नाव दिलं त्या फाईलला. कोणाला ऐकवायचं असं काही मनात नव्हतं. कधीतरी कंटाळा आला की लावायचे आणि हसायचे, एवढंच.

त्याच वर्षी आईचा आवाज बसायला लागला. आम्हाला वाटलं, बाजारात ओरडून बसला. मिठाच्या पाण्याच्या गुळण्या झाल्या, ज्येष्ठमध झालं, देवाला सांगून झालं. आवाज काही सुटेना. शेवटी गोव्याच्या मोठ्या इस्पितळात नेली तेव्हा डॉक्टरांनी घशात नळी घालून बघितलं आणि मला बाहेर बोलावलं. कॅन्सर. स्वरयंत्र काढावं लागेल म्हणाले. जीव वाचेल, आवाज जाईल. बाबा भिंतीला टेकून खाली बसले. आईला मी सांगितलं तेव्हा ती घोगऱ्या आवाजात एवढंच म्हणाली, "मगे गिऱ्हाईकांक कोण गप करतला?"

आई घरी आली ती गळ्याला भोक घेऊन, त्यावर पांढरं फडकं बांधून. जीव वाचला, देवाची कृपा. पण घर असं शांत झालं की मला चुलीवरच्या कालवणाचा आवाज ऐकू यायला लागला. ती हाक मारायची म्हणजे पळीने पातेल्यावर टक टक करायची. बाजारात जाणं सुटलं. भाव करायला तोंड लागतं. दिवसभर पडवीत बसून समुद्राकडे बघायची आणि कोणी समाचाराला आलं की आत निघून जायची. आणि तेव्हा माझ्या डोक्यात एकदम आलं. फाईल! आईचा आवाज आहे की माझ्याकडे! जगात आता कुठेच नाही, तो फक्त त्या डब्यात आहे.

दुसऱ्या दिवशी लवकर जाऊन वाचनालय उघडलं. बटण दाबलं. काळा पडदा, त्यावर पांढरी इंग्रजी अक्षरं. विंडोज सुरू होऊ शकत नाही, एक फाईल गहाळ आहे किंवा बिघडली आहे. आम्ही इस्पितळात असताना आमच्याकडची लाईट नेहमीसारखी दहादा गेली-आली होती आणि कोणीतरी पत्ते खेळायला तो चालू ठेवला होता. पेपर वाचायला आलेला एक म्हातारा मागून डोकावला आणि म्हणाला, "तुज्या आवशीची शिरा लागली गो तेका." आवस म्हणजे आई. सगळे हसले. मी बाहेर जाऊन तोंड धुऊन आले.

रडून काही होणार नव्हतं. कपाटात कॉम्प्युटरची सीडी होती. दुरुस्तीची हत्यारं त्या सीडीतच असतात हे मला कोर्समध्ये शिकवलं होतं. सीडी घातली. निळा पडदा आला. दुरुस्तीसाठी आर दाबा. दाबला. पुन्हा काळा पडदा, आणि त्यावर मला एकच ओळ दिसली. अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड टाइप करा.

हत्यारं समोर आहेत, पेटीची चावी मुंबईत! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी ग्रामदेवतेचं नाव घालून बघितलं. नाही. त्यांच्या घराण्याचं नाव घातलं. नाही. नारळ घालून बघितलं, रागाने. तेही नाही. तीनदा चुकलं की ते यंत्र आपोआप बंद होऊन पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायचं. मी पुन्हा घालायचे, ते पुन्हा बंद व्हायचं. शेवटी उठले आणि तिठ्यावरच्या फोनच्या बूथवर गेले.

अध्यक्षांना मुंबईला फोन लावला. मी सरळ सांगितलं की कॉम्प्युटर बिघडलाय, दुरुस्त करायला पासवर्ड पाहिजे, फोनवर सांगा.

"फोनवर?" ते म्हणाले. "फोनवर पासवर्ड सांगतात का कोणी? शिवाय तो मान आहे, बाळ. मी गणपतीला येणारच आहे."

"गणपतीला अजून किती अवकाश आहे! तोपर्यंत काय करू?"

"तोपर्यंत पुस्तकं वाचा. वाचनालय आहे ना ते?"

आणि स्वतःच्या विनोदावर स्वतःच हसले. बूथवाला माझ्याकडे बघत होता, मागे दोन बायका उभ्या होत्या. मला गावात तमाशा नको होता. मी फोन ठेवला, घरी आले. आई चुलीपाशी बसून कुळीथ निवडत होती. तिने हातानेच विचारलं, जेवलीस का? मी मान हलवली आणि मागीलदारी जाऊन उभी राहिले. मग पुन्हा बूथवर गेले.

या वेळी मी खरं काय ते सांगितलं. आईचं ऑपरेशन झालंय, तिचा आवाज गेलाय, आणि तो फक्त त्या कॉम्प्युटरमध्ये एका फाईलमध्ये आहे. हे बोलताना मला माझाच राग आला. कोणापुढे पदर पसरतेय मी? आईचा आवाज मागतेय आणि तोही सफारीवाल्याकडे!

मग ते म्हणाले, "म्हणजे गाणंबिणं आहे का काही?"

"गाणं नाही. बोलणं आहे."

"कसलं बोलणं?"

"मिनिटभर शिव्या घातल्यायत मला."

"शिव्या!" ते म्हणाले. "अगं, मंडळाने कॉम्प्युटर दिला तो गावाच्या प्रगतीसाठी. शिव्या साठवायला नाही. आणि मिनिटभराच्या शिव्यांसाठी मी घराण्याचा मान देऊ? हे बघ, मी कणकवलीहून एक माणूस पाठवतो. तो सगळं पुसून नव्यासारखं करून देईल. फॉरमॅट म्हणतात त्याला. बाजारदिवशी येईल तो. मग तुझं काम झालं."

पुसून! आईच्या गळ्यातून डॉक्टरांनी काढलं ते जीव वाचवायला. हा माणूस मुंबईत खुर्चीत बसून उरलेलं पुसायला निघाला होता, आणि वर माझं काम झालं म्हणत होता. मला एकदम उद्घाटनाचा दिवस आठवला, ते एका बोटाने चाललेलं टक टक, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "खरं सांगा, तो पासवर्ड तुम्हाला तरी आठवतोय का?"

बूथवरचा मीटर पळत होता. मग ते म्हणाले, "हा मानाचा प्रश्न आहे," आणि फोन ठेवला.

अरे देवा! आठवत नव्हता! गावाला पाठ फिरवायला लावून, नारळ फोडून ठेवलेला पासवर्ड हा माणूस विसरला होता. पण विसरलो म्हणायचं नाही. विसरलो म्हटलं तर घराण्याचा मान जाईल. त्यापेक्षा एका बाईचा आवाज गेलेला परवडला. मी तिठ्यावर उभी राहून मोठ्याने, मालवणीत, आईचीच एक शिवी त्यांना घातली. बूथवर नंबर लावून थांबलेल्या दोन बायकांनी ती ऐकली आणि संध्याकाळपर्यंत ती गावभर झाली. होऊ दे म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एस्टीने मालवण गाठलं. बाजारपेठेत एक सायबर कॅफे होता. पोरं तिथे गाणी उतरवायला यायची. मी एका कोपऱ्यात बसले आणि शोधायला लागले. इंग्रजी माझं शाळेपुरतं. एकेक ओळ दोनदा वाचायची, अडलं तर शब्दकोश काढायचा. जगभर माझ्यासारखीच माणसं अडकली होती हे बघून मला बरंच बरं वाटलं. कोणाच्या जावयाने पासवर्ड घातला होता, कोणाच्या साहेबाने. आणि त्यातच कोणीतरी लिहिलं होतं की पहिल्यांदा आर विचारतं तिथे आर दाबूच नका. तिथे पासवर्ड विचारतात. नवीन विंडोज घालायची आहे असं दाखवून एंटर दाबा. मग ते जुनी विंडोज शोधून काढतं आणि पुन्हा विचारतं, दुरुस्त करू का? तेव्हा आर दाबा. तिथे पासवर्ड विचारत नाहीत. तुमच्या फाईली जिथल्या तिथे राहतात.

मी ते पुन्हा वाचलं. म्हणजे एकाच घराला दोन दारं! पुढच्या दाराला हे भलंमोठं कुलूप आणि मागीलदार सताड उघडं. आमच्याकडे पुढचं दार पाहुण्यांचं आणि मानकऱ्यांचं. मागीलदार बायकांचं, मासळीवालीचं. माझी आई अध्यक्षांच्या गावच्या घरी वर्षानुवर्षं मासे द्यायला गेली ती मागीलदारानेच. पुढून यायची तिला परवानगी नव्हती. मला कॅफेत बसल्या बसल्या हसायला आलं. शेजारचं पोरगं खुर्ची घेऊन जरा लांब सरकलं.

बाजारदिवस उद्यावर आला होता. मी दुपारी, पेपरवाले म्हातारे जेवून झोपायला गेल्यावर, वाचनालयाला आतून कडी घातली. सीडी घातली. निळा पडदा. आर दिसत होता, त्याच्याकडे बघितलंच नाही. एंटर दाबला. नवीन विंडोज घालायची तयारी, असं काहीतरी पडद्यावर आलं आणि मी कळेवरचं बोट उचललं. हेच तर तो कणकवलीचा माणूस करणार होता! मग करारमदार असलेलं एक लांबलचक पान, ते मान्य म्हणून कळ दाबली. मग खरोखरच त्याने जुनी विंडोज शोधली आणि खाली दोन ओळी आल्या. दुरुस्त करायचं असेल तर आर. दुरुस्त न करता नवीन घालायचं असेल तर एस्केप. एक कळ डाव्या कोपऱ्यात, एक तिच्यापासून वीतभर अंतरावर. बोट चुकलं तर आई गेली. मी उजव्या हाताने डावा हात धरला आणि आर दाबला.

फाईली उतरायला लागल्या. पिवळी पट्टी मुंगीच्या पावलाने पुढे सरकत होती. आणि मग वरचा पंखा मंद झाला. आमच्याकडे लाईट जायच्या आधी पंखा असा सुस्कारा टाकतो. बॅटरीचा डबा मंडळाने दिला नव्हता. हाराला पैसे होते, डब्याला नव्हते. मी उठून पंखा बंद केला, दिवा बंद केला, जणू तेवढी वीज वाचवून कॉम्प्युटरला पाजणार होते. "जाव नको रे बाबा, जाव नको," असं मी वायरमनला, देवाला, ज्याला त्याला म्हणत होते. लाईट गेली नाही. मग यंत्राने कॉम्प्युटरच्या डब्याला बाजूने चिकटवलेला लांबलचक नंबर मागितला, तो मी जमिनीवर बसून, मान वाकडी करून, एकेक अक्षर वाचून घातला. बाहेर कोणीतरी दार वाजवून कंटाळून गेलं. आणि शेवटी हिरवं माळरान आणि निळं आभाळ पडद्यावर आलं. वाचनालय असं लिहिलेलं माझं खातं. त्यात माझी फाईल. 'आई'.

मी ती लावली नाही. म्हटलं, आईच्या आधी मी ऐकायचं नाही.

बाजारदिवशी कणकवलीचा माणूस आला. चांगला होता बिचारा. चालू कॉम्प्युटर बघून म्हणाला, "ह्यो चलता हा मां? मगे माका कित्याक बोलावल्यानी?" चहा प्यायला आणि बूथवर जाऊन त्याने अध्यक्षांना फोन लावला. थोड्या वेळाने मलाच बोलावणं आलं. अध्यक्ष विचारत होते, तुला पासवर्ड कोणी सांगितला? त्यांच्या आवाजात राग होता आणि भीतीही होती, की आपण विसरलेलं दुसऱ्या कोणाला ठाऊक आहे की काय! मी या वेळी शुद्ध बोलायच्या फंदात पडले नाही. म्हटलं, "कोणीच नाय. पासवर्ड तुमचो तुमच्याकडेच आसा, सांबाळून ठेवा. मिया मागीलदारान गेलंय." फोन मी ठेवला. तो एक आनंद मला मिळाला.

पुढे गणपतीत सभा झाली आणि वाचनालयाचा कॉम्प्युटर दुरुस्त करून दिल्याबद्दल अध्यक्षांच्या आभाराचा ठराव टाळ्यांच्या गजरात मंजूर झाला. मी तिथेच सतरंजीवर बसले होते. लिहिताना आताही माझे दात आवळले जातात.

पण ते नंतरचं. त्या बाजारदिवशी दुपारी मी घरी गेले आणि आईला म्हटलं, चल. तिने हाताने विचारलं, खंय? मी म्हटलं, चल गो, विचारू नको. ऑपरेशननंतर ती गावात कुठे गेली नव्हती. तिने गळ्याचं फडकं नीट केलं, त्यावरून पदर घेतला आणि माझ्यामागून आली. वाचनालयात तिला खुर्चीवर बसवलं. पडद्याकडे तिने असं बघितलं, जणू जुना वैरी भेटलाय. मी आवाज मोठा केला आणि फाईल लावली.

"गो चेडवा! आयकतंस काय?"

आई दचकली. तिने दाराकडे बघितलं, कोण आलं म्हणून. मग तिला कळलं. तिचा हात आपोआप गळ्याशी गेला आणि तिथेच राहिला. डब्यातली आई बोलत होती, पेज निवान गेली, बांगडे थांबतले काय, आणि खुर्चीतली आई माझ्याकडे बघत होती. पडद्याकडे नाही, माझ्याकडे. मला वाटलं ती रडेल. मी चूक केली की काय असंही वाटलं. मग माझं लक्ष तिच्या ओठांकडे गेलं. ते हलत होते. प्रत्येक शब्दाला, त्याच ठसक्यात, भुवया तशाच वर चढवून, ती स्वतःबरोबर बोलत होती. शिरा पडो म्हणताना तिचा हातसुद्धा उडाला.

आवाज टिपायचा तो प्रोग्राम मिनिटभरच टिपायचा. मिनिट संपलं की मधेच, वाक्याच्या मध्यावरच बंद व्हायचा. तसा तो झाला. "आता घराक येतंस काय," आणि पुढे काही नाही. पण आई थांबली नव्हती. तिचे ओठ तसेच हलत राहिले. राहिलेलं वाक्य तिने पूर्ण केलं, मग आणखी एक बोलली, मग आणखी एक. आवाजाचा थेंब नाही आणि चेहरा बाजारातला! मला सगळं ऐकू येत होतं. जेवायला चल म्हणत होती, वाळलीस म्हणत होती, त्या डब्याच्या नादाला लागून मरशील म्हणत होती.

"येतंय गो आये," मी म्हटलं. "इलंय, इलंय." आणि कॉम्प्युटर तसाच चालू ठेवून तिच्यामागून घरी जेवायला गेले.